तिरका डॅश

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीला बसलं की तक्रारी ठरलेल्या असतात. चालू होत नाही, फार तापतो, चहा सांडला. मे महिन्यातल्या एका दुपारी अमळनेरहून वडिलांबरोबर एक पोरगा आला. त्याची तक्रार मी आजवर ऐकली नव्हती. "दादा, उजवीकडे वर तिरका डॅश जातो, डावीकडे जातच नाही."

वडील वैतागलेले. "आम्हना पोऱ्या रातदिन हाईच करस," म्हणाले. कीबोर्ड चांगला आहे, पोराचे हातच चुकतात, असं त्यांचं मत. पोरालाही आता तसंच वाटायला लागलं होतं, आणि मला तेच टोचलं.

गेम होता 'सेलेस्ट', 2018 साली आलेला. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. उडी मारायची, भिंत धरायची आणि हवेत आठांपैकी एका दिशेला डॅश, म्हणजे झपकन झेप, मारायचा, एवढंच तिच्या हातात. काट्याला लागली की मेली, पण लगेच त्याच खोलीच्या सुरुवातीला पुन्हा उभी. स्क्रीनवर घड्याळ लावायची सोय गेममध्येच आहे, त्यामुळे स्पीडरन, म्हणजे कमीत कमी वेळात गेम पूर्ण करायची शर्यत, करणारी पोरं एकेक खोली घोटून घोटून वेळ कमी करत नेतात. हा पोरगाही त्यातलाच.

मला शंका आली ती गेममुळेच. सेलेस्ट अवघड आहे, पण तो खेळणाऱ्याला सांभाळून घेतो. कड्यावरून पाय सुटल्यानंतर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत दाबलेली उडी तो मान्य करतो. जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तरी ती उडी वाया जात नाही. मॅडलिनच्या हालचालींचा कोड गेम बनवणाऱ्यांनी सगळ्यांना वाचायला खुला केलाय, मी तो आवडीने वाचला आहे. असा गेम दर वेळी एकाच दिशेला दगा देईल, हे मला पटेना.

गेम बंद केला. दाबलेली बटणं स्क्रीनवर दाखवणारा टेस्टर उघडला. वरचा बाण, उजवा बाण, डॅशचं एक्स: तिन्ही उजळले. वरचा, डावा, एक्स: दोनच. मी दाबले, वडिलांना दाबायला लावले, तरी दोनच. पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला.

कीबोर्ड उघडून वडिलांना आतलं दाखवलं. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर आडव्या-उभ्या रेषा असतात आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे बटण. चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथाही दाबल्यासारखा दिसतो. प्रत्येक बटणाला डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, लावला तर हा घोळ होत नाही, पण त्याला खर्च येतो. मग आतली चिप खोटं बटण नको म्हणून तिसरं खरं बटणच गाळून टाकते. टायपिंग करणाऱ्याला हे जन्मात कळायचं नाही. याच्या मात्र नेमक्या त्या तीन बटणांवर सगळा खेळ होता.

"काका, पोऱ्यानी चूक नही शे," मी म्हणालो. वडील काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून शेजारी बसले.

डायोड बसवत बसण्यात अर्थ नव्हता. डॅशचं बटण बदलता येतं, म्हणून टेस्टरवर एकेक अक्षर तपासत गेलो. एस चालेना, डी चालला. बोटांना नवी जागा अंगवळणी पडायला वेळ लागला, सुरुवातीला तो सारखा एक्सच दाबत होता. मग मॅडलिन डावीकडे वर तिरकी सुटली, काट्यांवरून पार गेली आणि पोरगा ओरडलाच. वडिलांनी विचारलं, "मोठी मजल शे का हाई?" पोराने त्यांना घड्याळ कुठे बघायचं ते दाखवलं. पुढचा बराच वेळ कूलरसमोर बसून वडीलच सेकंद मोजत होते.

तेव्हापासून गेमसाठी कीबोर्ड मागणारं गिऱ्हाईक आलं की मी आधी बाण आणि अक्षरांच्या जोड्या टेस्टरवर तपासतो. जी तीन बटणं एकदम लागत नाहीत, ती खोक्यावर मार्करने लिहून देतो.