संगीताच्या सराव पाठांवर सही कुणाची? माझा अनुभव

संगीत शिक्षक पदविकेचे सराव पाठ द्यायला शाळा शोधत असाल, तर शाळेचं नाव, इमारत, घरापासूनचं अंतर यातलं काही बघू नका. वेळापत्रक बघा. संगीताचे तास कोणत्या वारी आहेत आणि तुमचे पाठ बघून सही करणाऱ्या निरीक्षकांना कोणता वार मोकळा आहे, एवढं जुळलं की बाकीचं रडतखडत का होईना, होतं. माझं तेवढंच जुळत नव्हतं.

शाळा मिळणं, मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, हे सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. फक्त पत्र बी.एड.वाल्यांच्या आधी नेऊन द्या. त्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून करायचा सराव, दोन वर्षांत मिळून 20 आठवड्यांची, त्यातले 16 दुसऱ्या वर्षात. ते एकदा शाळेत आले की शिक्षक खोलीत पर्स ठेवायलाही जागा उरत नाही, आणि मुख्याध्यापक ‘यंदा छात्राध्यापक पुरे’ म्हणून मोकळे होतात.

माझी शाळा मध्य रेल्वेवरच्या उपनगरातली, मराठी माध्यमाची, एका इमारतीत दोन सत्रं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवायचे असा निर्णय 2024 मध्ये आला आणि दोन सत्रांच्या शाळांची खोल्यांवरून ओढाताण सुरू झाली. आमच्याकडे त्यात संगीताची खोली गेली. तिथे आता तिसरीची एक तुकडी बसते. पेटी कपाटात, कपाटाची किल्ली शिपाई मामांकडे आणि मामा बहुतेक वेळा बँकेत. तास 35 मिनिटांचा. पेटी वर्गात येऊन मुलं गप्प बसेपर्यंत त्यातला बराचसा संपलेला. पाचवी ते आठवी, प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास, आणि ते सगळे तास बुधवार-शुक्रवारी.

आमच्या निरीक्षक मॅडमना मोकळे वार मंगळवार आणि गुरुवार.

नियम असा की ठरावीक पाठ निरीक्षकांनी पूर्ण तास वर्गात बसून बघायचे आणि निरीक्षण तक्त्यावर त्याच दिवशी सही करायची. नंतर ‘बघितला होता’ म्हणून केलेली सही चालत नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती निरीक्षक म्हणून कोण चालतं याबद्दल. शाळेत संगीताच्या बाई आहेत. संगीतातली ‘अलंकार’ ही वरची परीक्षा झालेल्या, केस पांढरे होईपर्यंत मुलांना गायला शिकवलेल्या. माझा प्रत्येक पाठ त्यांनी शेवटच्या बाकावर बसून ऐकला. पण बाई मानधनावर, त्यांच्याकडे शिक्षणशास्त्राची पदवी नाही, म्हणून त्यांची सही अमान्य. मी पदविकेच्या ऑफिसात विचारलं, ‘मग शाळेतल्या दुसऱ्या कुणाची चालेल का?’ उत्तर मिळालं, ‘बी.एड. असलेल्या कायम शिक्षकाची, अडचणीच्या वेळी.’ म्हणजे भूगोलाच्या सरांनी माझा गंधार, सारेगमतला ‘ग’, तपासला तर चालेल.

गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये मुंबईत आणलं. गाणं शिकवणारी माणसं तयार व्हावीत म्हणून त्यांनी उपदेशक वर्गही चालवला. इतकी जुनी वाट आपल्याकडे आहे, आणि आमच्या निरीक्षण तक्त्यात आजही विषयप्रवेश, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, गृहपाठ यांना गुण आहेत, सुराला रकाना नाही. पेटी बेसूर वाजली तरी अक्षर चांगलं असलं की निभतं. यावर उपाय आहे, तो आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. फळ्यावर भातखंडे स्वरलिपीत बंदिशीची एक ओळ लिहा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर. ओळीखाली मात्रांचे आकडे, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) फुली, ‘खाली’ला (टाळी न देता हात मोकळा सोडायच्या मात्रेला) शून्य. फळा भरतो, मुलांना वहीत उतरवायला गृहपाठ मिळतो आणि तक्त्यातले दोन रकाने एका फटक्यात निघतात.

तर वार. मॅडमना बुधवार मागितला, त्या दिवशी त्यांचं स्वतःचं कॉलेज. शाळेकडे मंगळवार मागितला, पर्यवेक्षक म्हणाले, ‘वेळापत्रक जूनमध्ये लागतं, आता एक तास हलवला तर बारा हलतात.’ मधल्या काळात बुधवारचे तासही हातचे जाऊ लागले. घटक चाचणी आली की पहिला बळी संगीताचा. गणिताच्या बाई दारात उभ्या राहून गोड आवाजात ‘आज हा तास मला द्याल?’ विचारतात आणि छात्राध्यापिका नाही म्हणू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ऑगस्ट उजाडला की उलटं होतं. 15 ऑगस्टच्या समूहगीतासाठी सगळ्या तुकड्या तुमच्याकडे धाडतात. राज्यगीत, देशभक्तिपर गीत, स्वागतगीत, दिवसभर घसा बसेपर्यंत. पण ऑफिसच्या लेखी ती ‘कार्यक्रमाची तयारी’, पाठ नव्हे.

शेवटी सुटका केली ती पी.टी.च्या सरांनी. जुलैमध्ये मैदानात घोट्याएवढं पाणी, त्यांचा मंगळवारचा सहावीचा तास वर्गात बसून नुसता वाया जात होता. ते स्वतःहून म्हणाले, ‘मॅडम, माझा मंगळवार घ्या, मला तुमचा शुक्रवार द्या, तोवर पाऊस उघडेल.’ पर्यवेक्षकांनी मान डोलावली. निरीक्षक मॅडम यायला तयार झाल्या. पहिल्या मंगळवारी सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी, त्या ठाण्याहून परत गेल्या. पुढच्या मंगळवारी आल्या, पूर्ण तास बसल्या, सही केली. मी भूप रागच घेतला होता. पाच स्वर, मध्यम-निषाद नाहीत, सहावीला झेपतो. मुलं छान गायली. वर्गातून बाहेर पडताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

ऑफिसने तक्ता परत केला.

कारण? शाळेच्या मंजूर वेळापत्रकात मंगळवारी त्या तासाला ‘शा. शि.’ (शारीरिक शिक्षण) लिहिलंय. मग तुम्ही संगीताचा पाठ दिलात कसा? मी म्हटलं, तासांची अदलाबदल झाली. ‘तसं शाळेचं पत्र आणा.’ पत्र आणलं. त्यावर जावक क्रमांक नाही. जावक रजिस्टर ज्यांच्याकडे, ते क्लार्क भाऊ गणपतीला कणकवलीला गेलेले, गौरी विसर्जन झाल्याशिवाय येणार नाहीत. ते आल्यावर क्रमांक पडला, तर ऑफिसात नवा प्रश्न: क्रमांकाची तारीख पाठाच्या नंतरची कशी? सही मॅडमची, शिक्का शाळेचा, मुलं तीच, भूप तोच. वाद फक्त तारखेचा. मी त्या टेबलासमोर उभी राहून आवाज चढवला, तार सप्तकापर्यंत. मला त्याचा पस्तावा नाही. पण काम झालं ते आवाजाने नाही. मुख्याध्यापकांनी दोन ओळींचं पत्र दिलं: तासांची अदलाबदल अमुक तारखेपासून तोंडी मंजूर होती, तिला आता लेखी मान्यता देण्यात येत आहे. ‘तोंडी मंजूर’ आणि ‘लेखी मान्यता’ हे दोन शब्द वाचल्यावर टेबलापलीकडच्या बाई एकदम मवाळ झाल्या. तुमच्यावर वेळ आली तर पत्राचा मजकूर हाच ठेवा. आणि तास हलवायचा असेल तर आधी पत्र, आधी जावक क्रमांक, मग पाठ. पोचपावतीची झेरॉक्स स्वतःकडे.

त्यानंतरचे निरीक्षित पाठ भराभर झाले. पाऊस उघडला तरी पी.टी.च्या सरांनी मंगळवार परत मागितला नाही, त्यांना शुक्रवार आवडला होता.

15 ऑगस्टचे तास फुकट जाऊ द्यायचे नसतील तर त्यांचंही पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, काढा. घटक ‘समूहगायन’, उद्दिष्ट ‘एका षड्जावर (सा वर) आणि एका लयीत गाणे’. टाचण असलं की तो पाठ. हे मला दुसऱ्या सत्रातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, तिचे असे पाठ विनातक्रार लागले. टाचण मात्र आदल्या दिवशीच मुख्याध्यापकांना दाखवून सही घ्यायची.

गाण्याबद्दलचं जे काही शिकले ते मानधनावरच्या बाईंकडून. त्या म्हणायच्या, ‘अगं, आपल्या गळ्याची काळी चार पोरांवर लादायची नाही. खालचा सा पुटपुटतात बिचारी. पाचवी-सहावीला पांढरी एक दे.’ काळी चार, पांढरी एक म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीवर सा धरायचा ती. आठवीत मुलांचे आवाज फुटतात, सा लावला की अर्धा वर्ग एका सप्तकात, अर्धा दुसऱ्यात, आणि मग खिदळणं. तिथे निरीक्षकांना बोलावून गाणं घेण्यापेक्षा ताल घ्यावा. तीनताल हातावर: 16 मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. मुलगेसुद्धा जीव ओतून करतात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या तबल्यावर विसंबू नका. दमट हवेत पुडी (वरचं चामडं) ढिली पडते, चाट (तिची कड) नीट बोलत नाही. पेटीच्या पट्ट्याही फुगून अडकतात, म्हणून पाठाच्या दिवशी लवकर जाऊन सगळ्या दाबून बघा. मी तंबोऱ्याचं अ‍ॅप आणि छोटा स्पीकर पर्समध्येच ठेवायचे.

अंतिम अहवालात ‘शालेय स्तरावरील मार्गदर्शन’ असा एक रकाना आहे. तिथे पदवीची अट नाही. मी बाईंचं नाव आधी लिहिलं, ‘अलंकार’सकट, आणि निरीक्षक मॅडमचं त्याखाली. मॅडमनी वाचलं आणि काही न बोलता सही केली. अहवाल दिवाळीच्या सुट्टीआधी जमा करा. नंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि मुख्याध्यापक सहीसाठी सापडत नाहीत.