टोकियो ते लॉस एंजेलिस : जाताना दहा तास, येताना बारा

हानेदाहून संध्याकाळी पाचला निघालो आणि लॉस एंजेलिसला उतरलो तेव्हा तिथं त्याच तारखेच्या सकाळचे दहा वाजले होते. म्हणजे निघण्याच्या सात तास आधीच पोहोचलो! हिवाळ्यात या दोन शहरांच्या घड्याळांत 17 तासांचं अंतर असतं, आणि वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते. आकडेमोड चोख आहे, पण शरीराला ती मुळीच पटत नाही. पूर्वेकडे जाताना आपण उगवत्या सूर्याला सामोरे जातो, त्यामुळे रात्रही आखूडच मिळाली.

मला कुतूहल होतं ते मात्र दुसऱ्याच गोष्टीचं. तिकिटावर जाण्याचे दहा तास होते आणि येण्याचे बारा. अंतर तेच, सुमारे 8,800 किलोमीटर. मग वरचे दोन तास आले कुठून?

जाताना समोरच्या पडद्यावर उत्तर दिसत होतं. भोवतालच्या हवेतून विमान ताशी साधारण 900 किलोमीटरनं जातं. पण आमचा जमिनीसापेक्ष वेग 1,100 च्या वर गेला होता. मागून जेट स्ट्रीम ढकलत होती. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा हिवाळ्यात जपानवर विशेष जोरात असतो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं 1920 च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, आणि जगानं वाचावं म्हणून निष्कर्ष छापले ते एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत! बाहेर फारशी कुणी दखल घेतली नाही. 1944 मध्ये अमेरिकेची बी-29 विमानं जपानवर उंचावरून बॉम्ब टाकायला आली, तेव्हा याच वाऱ्यानं त्यांचे नेम चुकवले. आणि त्याच हिवाळ्यात जपाननं या वाऱ्यावर बॉम्ब लटकावलेले नऊ हजारांवर फुगे अमेरिकेच्या दिशेनं सोडले. आम्ही आरामात पाय ताणून बसलो होतो ते त्याच वाटेवर.

परतीच्या विमानानं या वाऱ्याशी झुंजण्याऐवजी त्याला बगल दिली. मार्ग उत्तरेकडे सरकला, अलास्काचं आखात ओलांडून अल्यूशन बेटांच्या बाजूला. सपाट नकाशावर हा उगाच घातलेला वळसा वाटतो. तसा तो नाही. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण त्या अक्षांशाला धरून उडालं तर 9,300 किलोमीटर भरतात. गोलावरची सर्वांत जवळची वाट 47 अंश उत्तरेच्याही वर चढते आणि 500 किलोमीटर वाचवते. हवा कशी आहे ते बघून नेमका मार्ग त्या त्या दिवशी ठरतो. शिवाय एक इंजिन बंद पडलंच तर, म्हणून दोन इंजिनांच्या विमानाला ठरावीक वेळेत गाठता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावा लागतो. त्यासाठी अलास्कातला कोल्ड बे किंवा भर समुद्रातला मिडवे उपयोगी पडतो. मिडवे बेटावर आता मुख्यतः अल्बाट्रॉस पक्षी राहतात, पण धावपट्टी जपून ठेवलेली आहे.

सोमवारी सकाळी अकराला निघालो, मंगळवारी दुपारी चारला टोकियोत. बारा तासांत सूर्य मावळलाच नाही, आम्ही त्याच्या मागे मागेच होतो.

हिवाळ्यात परतताना पुढचं जोडविमान घेणार असाल, तर मधे वेळ जरा जास्तच ठेवा. समोरचा वारा वाढला की वेळापत्रकातले बारा तासही पुरत नाहीत. खिडकी उजवीकडची घ्या, अलास्का त्या बाजूला असतो. बहुतेक वेळ ढगच दिसतात, हेही सांगून ठेवतो.