बाईंची खूण

आपल्या कर्णबधिर शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आल्या त्या शास्त्राच्या बाई. नाव लिहीत नाही. नाकावरचा चष्मा एका बोटाने वर सरकवला की आपल्यापैकी कुणालाही कळेल.

आपल्या वेळी वर्गात ओठ वाचायचे आणि हात बाकाखाली ठेवायचे. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या 1880 च्या मिलान परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार केल्या, त्याचं हे शेपूट, हे मला फार उशिरा कळलं. बाईंच्या तासाला मात्र हात मोकळे असत.

सातवीत प्रकाशसंश्लेषण आलं. त्याला आपल्याकडे खूणच नव्हती. बाई बोटांनी एकेक अक्षर काढायच्या. शेवट येईपर्यंत आम्ही सुरुवात विसरलेलो. एके दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, तुम्हीच सांगा. मग काय, तास संपेपर्यंत भांडण! एकाने झाड, सूर्य, जेवण अशा तीन खुणा जोडल्या. मागच्या बाकावरच्या एकाने डावा तळवा पानासारखा पसरला, उजव्या हाताची बोटं किरणांसारखी त्यावर उतरवली आणि मूठ मिटून देठाकडे नेली. बाईंनी निकाल दिला नाही. दुसऱ्या दिवशी शिकवताना त्यांच्या हातात तीच खूण होती, एवढंच. वार्षिक परीक्षेपर्यंत ती इतकी झिजली की किरणं गळाली, तळव्यावरून सरकणारी मूठ तेवढी उरली. बाहेरच्या माणसाला त्यात पान दिसलंच नसतं.

आता मीही शास्त्र शिकवतो. भारतीय सांकेतिक भाषेचा कोश 2018 मध्ये 3000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 चा झाला. फार मोठं काम. तरी खूण अडली की मुलं मोबाइल काढतात, भांडत नाहीत, याची चुटपुट लागतेच. अर्थात माझी काळजी फुकटही असेल. 2020 मध्ये मुठीमागे पसरलेली बोटं, ही कोरोनाची खूण व्हिडिओंवरून बघता बघता देशोदेशी पोचली. आणि अंगठा-करंगळी ताणून कानाशी धरलेला माझा 'फोन' पाहून हीच मुलं हसतात. त्यांचा फोन म्हणजे सपाट तळवा.

गेल्या वर्षी धाकटीला घेऊन बाईंकडे गेलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा चष्मा सुटलाय. धाकटीने नाव विचारलं, तर बाईंनी रिकाम्या नाकावर बोट वर सरकवलं. असं का, हे तिला कळेना. बाई माझ्याकडे बघून हसल्या.