घरापासून गाडीपर्यंत, गाडीपासून बेडपर्यंत

बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी, झाल्यावर आमच्या बॅचमधल्या बहुतेकांनी एकतर एखाद्या नर्सिंग होममध्ये आरएमओची, म्हणजे निवासी डॉक्टरची, रात्रपाळी धरली, नाहीतर दवाखान्यासाठी गाळा शोधायला सुरुवात केली. मी १०८ च्या गाडीवर, म्हणजे सरकारी ॲम्ब्युलन्सवर, डॉक्टर म्हणून जायला अर्ज केला. आईचा पहिला प्रश्न, "म्हणजे तू ड्रायव्हरच्या शेजारी बसणार?" म्हटलं, नाही गं, मागे, पेशंटजवळ. हे ऐकून ती आणखीच नाराज झाली.

तिचंही बरोबर होतं. आमच्या लहानपणी मुंबईत ॲम्ब्युलन्स म्हणजे कुठल्यातरी मंडळाची, ट्रस्टची नाहीतर नगरसेवकाचं नाव रंगवलेली पांढरी गाडी. आत एक स्ट्रेचर, नशीब असेल तर ऑक्सिजनचा सिलिंडर, पुढे चालक आणि मागे पेशंटचा हात धरून बसलेले घरचे. अपघात झाला तर काळी-पिवळी टॅक्सी किंवा पोलिसांची व्हॅन. २००५ च्या सुमारास १२९८ ही पैसे घेऊन चालणारी सेवा मुंबईत आली आणि गाडीतच उपचार सुरू होऊ शकतात हे काही लोकांना दिसलं. १०८ ची मोफत सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हा ठरलेल्या गाड्या ९३७. त्यातल्या २३३ एएलएस, म्हणजे व्हेंटिलेटर, डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र), मॉनिटर असलेल्या. बाकीच्या ७०४ बीएलएस, ज्यात ऑक्सिजन, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन, मानेची कॉलर, मोडलेल्या हाडाला आधार देणारं स्प्लिंट अशी प्राथमिक सामग्री. बऱ्याच राज्यांत १०८ च्या गाडीत ईएमटी असतो, म्हणजे खास या कामाचं प्रशिक्षण घेतलेला तंत्रज्ञ. आपल्याकडे गाडीत डॉक्टर ठेवायचं ठरलं. आमच्यासारख्या बीएएमएस आणि बीएचएमएसवाल्यांना (म्हणजे होमिओपॅथीवाल्यांना) ही वाट त्यामुळेच उघडली.

मुलाखतीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कागदपत्रं, रजिस्ट्रेशन, रात्रपाळी चालेल का, बस्स. प्रशिक्षण मात्र अंगावर आलं. कॉलेजमध्ये सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देणं, एकदा दाखवला होता आणि परीक्षेत लिहिला होता. इथे पुतळ्यासमोर गुडघ्यांवर बसवलं. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, तीस दाबांनंतर ॲम्बू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने, दोन श्वास. दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि दाब उथळ व्हायला लागतात, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. शिकवणारे सर मागे उभे राहून एकच वाक्य म्हणायचे, "कोपर वाकला." मग चालत्या गाडीत तेच करायला लावलं. स्पीडब्रेकरवर हात कुठे जातात ते तेव्हा कळलं. मानेला कॉलर कशी लावायची, स्कूप स्ट्रेचरचे दोन अर्धे भाग पेशंटला न हलवता दोन्ही बाजूंनी कसे सरकवायचे, बेशुद्ध माणसाची साखर सगळ्यात आधी का तपासायची, हेही तिथेच. शेवटची गोष्ट मी सगळ्यांना सांगते. दारू प्यायलाय म्हणून फुटपाथवर पडू दिलेल्या माणसाची साखर कधी कधी चाळीसच्या खाली असते.

मग सिनियर डॉक्टरांसोबत गाडीवर. फोन कसा फिरतो ते तेव्हा नीट समजलं. मुंबईच्या भांडुपमधून कुणी १०८ लावला की तो पुण्यात, औंधच्या केंद्रात वाजतो. तिथे आजार काय, पेशंट शुद्धीवर आहे का, पत्ता काय हे विचारून नोंद होते. नकाशावर जवळची मोकळी गाडी बघून केस आम्हाला येते. त्यानंतर आम्ही स्वतः पेशंटच्या घरी फोन करतो. लोक इथे चिडतात. "अहो, सगळं सांगितलं की मघाशी! परत काय विचारताय?" चिडणं समजू शकते, पण गाडी तोपर्यंत निघालेली असते आणि आम्हाला नाक्यावरून डावीकडे की उजवीकडे एवढंच हवं असतं. शहरात वीस मिनिटांत पोचायचं हे उद्दिष्ट. रस्त्यावर सायरन ऐकून वाट न देणाऱ्याला कायद्याने दहा हजारांपर्यंत दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून. एलबीएस रोडवर, पूर्व उपनगरांतल्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर, संध्याकाळी सात वाजता तो कुणाकडून आणि कसा वसूल करायचा, हे मला कुणी सांगावं. बाजूला व्हायला जागाच नसते, बिचारे होणार कुठे?

तरी, बाहेरच्यांना वाटतं तसा आमचा सगळा वेळ ट्रॅफिकमध्ये जात नाही. रस्त्यावर पायलट काहीतरी मार्ग काढतोच. (१०८ वर चालकाला पायलट म्हणतात, आमचे पायलट मला मॅडम म्हणतात आणि मी त्यांना मामा.) वेळ खरा जातो तो दोन टोकांना, घरापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून बेडपर्यंत. प्रशिक्षणात या दोन टोकांबद्दल फारसं काही नव्हतं. ते मला मामांनी, जिन्यांनी आणि कॅज्युअल्टीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या तातडीच्या विभागाच्या, दारांनी शिकवलं.

भांडुप पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना जास्त सांगायला नको. गाडी खाली रिक्षा स्टँडपाशी थांबते. वर जायचं ते पायऱ्यांनी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. एकदा रात्री एका आजींना दम लागला म्हणून कॉल आला. बॅग, छोटा सिलिंडर आणि ऑक्सिमीटर घेऊन वर गेलो. आजी पलंगावर बसून होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पाय सुजलेले, प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुड्यांचा आवाज. ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर. हृदय दमलं आणि फुप्फुसांत पाणी साठलं की असं होतं. अशा माणसाला आडवं केलं तर तो आपल्या डोळ्यांदेखत गुदमरतो. पण घरच्यांनी तोवर चादर अंथरली होती, त्यांना आडवं निजवून चौघांनी चार टोकं धरून खाली न्यायला.

"चादर नको. खुर्ची आहे का घरात?"

मुलगा म्हणाला, "स्टीलची घडीची आहे."

"ती नको, दुमडते. प्लॅस्टिकची? हात असलेली?"

शेजारून आली. निळी, लग्नाच्या मांडवात असते तशी. आजींना तशाच बसत्या ठेवून ओढणीने छातीपाशी आणि कमरेपाशी खुर्चीला बांधलं, मास्क लावला, सिलिंडर नातवाच्या हातात दिला. तोवर खालच्या गणेश मंडळाची पोरं आली होती. त्यांना काही सांगावं लागत नाही. दोघे मागे, दोघे पुढे, पुढचे उलटे उतरणारे आणि त्यांच्याही खाली एक जण पायऱ्या मोजत, "अजून एक, आता वळण, डोकं सांभाळ." मी आजींच्या बाजूने जमेल तशी उतरत होते. मध्येच त्यांनी मास्क वर करून विचारलं, "गॅस बंद केला का रे?" सुनेने केला होता. गाडीत बसेपर्यंत ऑक्सिजन नव्वदीच्या आसपास आला.

त्या पोरांबद्दल मला खरंच आदर आहे. वर्गणीवरून लोक त्यांना काहीही बोलोत, मध्यरात्री चौथ्या मिनिटाला सहा माणसं उभी करणारी दुसरी यंत्रणा मला या शहरात दिसली नाही. उलट पुनर्विकास झालेल्या उंच इमारतींत लिफ्ट असूनही हाल होतात. बऱ्याच लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही आणि बाविसाव्या मजल्यावरून मदतीला कोणी दार उघडत नाही.

स्टेशनची तऱ्हा वेगळी. रुळांवर कुणी जखमी झाला की स्टेशन मास्तरचा मेमो, रेल्वे पोलीस, हमाल आणि स्ट्रेचर अशी ती साखळी आहे. हमाल पेशंटला फलाटावरून पुलावर, पुलावरून खाली आमच्या गाडीपर्यंत आणतात, गर्दीच्या वेळी समोरून उतरणारा लोंढा फोडत. पाय तुटलेल्या माणसाचं रक्त थांबवायचं काम खरं तर रुळांपाशीच व्हायला हवं, पुलाच्या या बाजूला नव्हे. म्हणून गाडी लागली रे लागली की मी पट्ट्या घेऊन आत पळते. मोटारसायकल ॲम्ब्युलन्सची कल्पना याच गरजेतून आली. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत अशा दहा दुचाकी सुरू झाल्या. डॉक्टरच ती चालवतो, गल्लीत शिरतो, उपचार सुरू करतो आणि मोठी गाडी मागून येते.

आता दुसरं टोक. पेशंट गाडीत आला की घरचे म्हणतात, "जवळ कुठेही न्या." बोलायला सोपं आहे. ज्याचा अर्धा चेहरा अचानक वाकडा झालाय, हात उचलत नाही, त्याला जिथे सीटी स्कॅन आणि ते वाचून मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन देणारं कुणी आहे तिथेच न्यायचं. त्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची मुदत असते. त्यामुळे "कधीपासून?" हा आमचा पहिला प्रश्न, आणि "सकाळी उठले तेव्हापासूनच" हे उत्तर आलं की पोटात गोळा येतो, कारण मग घड्याळ रात्री झोपल्यापासून धरावं लागतं. डोक्याला मार असेल तर न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय. पूर्व उपनगरांत आम्ही घाटकोपरचं राजावाडी रुग्णालय ओलांडून सायनच्या रुग्णालयात जातो तेव्हा नातेवाईक संशयाने बघतात. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची मोठी, कॉलेजं जोडलेली रुग्णालयं आणि राज्य सरकारचं जेजे. गंभीर पेशंट फिरत फिरत शेवटी यांच्याच दारात येतो. मग पहिल्यांदाच तिथे का नको? दहा मिनिटं जास्त लागली तरी पुढचे दोन तास वाचतात. हे चालत्या गाडीत, रडणाऱ्या माणसाला, दोन वाक्यांत पटवायचं असतं. मी आता फक्त एवढंच म्हणते, "दादा, तिथे आज याचं मशीनच नाहीये, परत हलवावं लागेल." मशीन म्हटलं की लोक ऐकतात. डॉक्टरपेक्षा मशीनवर आपला विश्वास जास्त, त्याला इलाज नाही.

आणि मग कॅज्युअल्टीचं दार. एका मोठ्या रुग्णालयात पावसाळ्यातल्या एका रात्री आमच्या आधी तीन गाड्या लागल्या होत्या. आत एकही ट्रॉली मोकळी नव्हती, म्हणून पेशंट आमच्याच स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये. पेशंट आमच्या स्ट्रेचरवर आहे तोवर गाडी बांधलेली, आणि आमच्या भागातला पुढचा कॉल लांबच्या गाडीला जाणार. तिला आणखी वीस मिनिटं लागणार, तीही तिथेच येऊन अडकणार. लोक म्हणतात गाड्या कमी आहेत. असतीलही; पण ज्या आहेत त्या कॉरिडॉरमध्ये किती वेळ उभ्या असतात, याचा हिशोब कुणी मागत नाही. आतल्या रेसिडेंटवर, म्हणजे शिकता शिकता ड्युटी करणाऱ्या डॉक्टरवर, राग काढण्यात अर्थ नसतो, तो आदल्या दिवसापासून उभा असतो. त्याच्यापाशी जाऊन "सर, जरा बघता का" म्हटलं तर तो मान न वळवता "हो, थांबा" म्हणतो. म्हणून मी चार वाक्यं पाठ केली आहेत. वय आणि काय झालं. कधी झालं. मला काय सापडलं, आकड्यांत. मी काय दिलं आणि त्याने काय फरक पडला. "पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखणं चाळीस मिनिटं, घाम, बीपी नव्वद, ईसीजी हा बघा." ईसीजीचा कागद डोळ्यांसमोर धरला की मान वळते.

अपघाताचा पेशंट असेल तर एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून रुग्णालयातल्या पोलिसाकडे नोंद. त्याला आणणारा रिक्षावाला इथे हळूच सटकायला बघतो. त्याला थांबवून सांगते की २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच लिहिलंय, मदत करणाऱ्याला नाव द्यायची सक्ती नाही आणि त्याच्यावर केस होत नाही. तो मान डोलावतो आणि तरीही सटकतो.

मामांकडे एक जुनी डायरी आहे. कुठल्या रुग्णालयाचं कुठलं गेट रात्री बंद असतं, रॅम्प कुठल्या बाजूला, कुठल्या पुलाखाली पाणी भरलं की गाडी कुठून फिरवायची, कुठल्या वस्तीत गाडी कुठवर जाते. माझी नेमणूक झाल्यावर त्यांनी ती मला वाचायला दिली होती. आता माझ्याही अक्षरात बरीच पानं आहेत. मेट्रोची कामं आणि इमारतींचा पुनर्विकास यांमुळे त्यातलं बरंच दर थोड्या दिवसांनी चुकीचं ठरतं. मग ड्युटी सुरू होताना मी सिलिंडरचं प्रेशर, सक्शन आणि साखरेच्या पट्ट्या तपासते, आणि मामा चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवून जुनं गेट खोडतात.