खंडेनवमीला उघडलेले कपाट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे आले ते प्रयोगशाळेतील लाकडी कपाट. मी नववीत असताना घटस्थापनेच्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या बाईंनी दोन परळांत काळी माती भरून आमच्याकडून गहू पेरून घेतला. एक परळ खिडकीत ठेवला आणि दुसरा त्या कपाटात ठेवून कडी लावली.

खंडेनवमीला सूक्ष्मदर्शकाची पूजा झाल्यावर बाईंनी कपाट उघडले. खिडकीतला गहू बुटका आणि गर्द हिरवा होता. कपाटातला वीतभर उंच, लवलवता आणि देवघरातल्या घटाच्या धानासारखा फिकट पिवळा. "धान आजारी पडलं," असे कोणीतरी म्हणाले. बाईंनी ते खोडून काढले नाही. त्यांनी परळ व्हरांड्यात, कडुनिंबाच्या सावलीत ठेवला आणि दर तासाला पाहून रंग वहीत लिहायला सांगितले. माझ्या पहिल्या दोन नोंदी "पिवळा" अशाच आहेत. शाळा सुटतानाची नोंद "पोपटी" अशी आहे.

त्या दोन तासांत पात्यांच्या आत काय चालले होते, हे मला पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना उमगले. अंकुराच्या अगदी कोवळ्या पेशींत हरितलवके, म्हणजे हरितद्रव्य बाळगणारे पेशीतले हिरवे कण, तयार स्थितीत नसतात. तिथे असतात ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, जवळजवळ रंगहीन आदिलवके, म्हणजे लवकांची प्राथमिक रूपे. उजेडात त्यांची हरितलवके होतात. अंधारात मात्र ही वाढ अर्ध्यावर थांबते. अशा थांबलेल्या लवकात पटलांची, म्हणजे पातळ पडद्यांची, स्फटिकासारखी रेखीव जाळी असते आणि तिच्यात, हरितद्रव्य होण्याच्या अगदी अलीकडे येऊन ठेपलेला पदार्थ एका विकराच्या (एन्झाइमच्या) पकडीत प्रकाशाची वाट पाहत असतो. गव्हासारख्या सपुष्प वनस्पतींना ही पायरी प्रकाशाविना ओलांडताच येत नाही, तर पाइनचे रोप अंधारातही हिरवे होते. उजेड पडताच तो साठा क्षणार्धात बदलतो, पण तो इतका थोडा असतो की डोळ्यांना फरक जाणवत नाही. मग जाळी विस्कटते, तिच्यातून चपट्या पिशव्या पसरतात, नवे हरितद्रव्य प्रथिनांत बसवले जाते, पिशव्यांच्या चवडी रचल्या जातात आणि प्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटू लागतो. अंधारात साठलेला हा पदार्थ किंवा नवे हरितद्रव्य प्रथिनांच्या पकडीबाहेर मोकळे राहिले, तर प्रखर उन्हात तेच पेशीला इजा करते. बाईंनी परळ थेट उन्हात का ठेवला नव्हता, याचे उत्तर मला असे कित्येक वर्षांनी मिळाले.

या कामाला तास लागतात याचे मला आता नवल वाटत नाही, कारण ते दोन ठिकाणांहून चालते. हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो. तंबाखूच्या हरितलवकाचा सुमारे १ लाख ५६ हजार बेस-जोड्यांचा संपूर्ण डीएनए जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये वाचला. त्यात जनुके मात्र शंभराहून थोडीच अधिक आहेत. लागणारी बहुतेक प्रथिने, आणि ती हजारोंच्या घरात आहेत, पेशीकेंद्रकातील जनुकांवरून बाहेर घडतात आणि लवकाच्या दुहेरी आवरणातून एकेक करून आत घेतली जातात. आतली आणि बाहेरची प्रथिने एकमेकांत नेमकी बसली तरच ती यंत्रणा चालते.

उजेड असूनही हे काम अडते, हे आम्हा ऊसवाल्यांच्या मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक होते. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडला, की कोवळी पाने पिवळी-पांढरी पडत आणि वडील हिराकशीची, म्हणजे लोहाच्या क्षाराची, फवारणी करत. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते. पण ते घडवताना लोहावाचून चालत नाही. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांनी हातातला पंप खाली ठेवून ते पुन्हा एकदा सांगायला लावले होते.

त्या खंडेनवमीला बाईंनी तो पोपटी परळ मला घरी नेऊ दिला. मी तो रात्री अंगणात तुळशीजवळ ठेवला. दसऱ्याच्या दुपारपर्यंत पाती चांगली हिरवी झाली होती, फक्त मुळाजवळ, आवरणाच्या आतला बोटभर भाग अजून पांढरा होता. सीमोल्लंघनाला निघताना आईने वडिलांच्या टोपीत घटातले पिवळे धान खोचले आणि त्याच्या शेजारी माझ्या परळातले एक पाते.