बिड, लेट प्लेट आणि कोल्ड डॉर्म

अमेरिकेतल्या इंडियाना युनिव्हर्सिटीत, ब्लूमिंग्टनला, मी बिझनेस शिकायला गेलो. पहिलं वर्ष डॉर्ममध्ये काढलं आणि दुसऱ्या वर्षी फ्रॅटर्निटीत, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या मुलग्यांच्या संघटनेत, शिरलो. भारतातून थेट आलेली मुलं सहसा या वाटेला जात नाहीत. मास्टर्सवाल्यांचा तर प्रश्नच येत नाही, कारण हा सगळा कारभार अंडरग्रॅडचा. त्यामुळे तिथे नक्की चालतं काय, हे मला पुण्यातले मित्र, मावसभाऊ, त्यांच्या ओळखीतली पोरं, सगळेच विचारत असतात. सिनेमात दाखवतात ते थोडंफार खरं आहे. पण सिनेमात खजिनदार नसतो, आणि घर चालतं ते त्याच्या जिवावर.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली पहिली विद्यार्थी संघटना १७७६ सालची, व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजातली फाय बीटा कॅपा. ती पुढे हुशार विद्यार्थ्यांचा मानसन्मान होऊन बसली. आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो ते प्रकरण न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात १८२५ पासून वाढलं. प्रत्येक कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर म्हणतात आणि वरच्या मध्यवर्ती संस्थेला नुसतं 'नॅशनल'. घराची इमारत मात्र बहुतेक वेळा माजी सदस्यांच्या वेगळ्या कंपनीच्या नावावर असते. आमचीही तशीच होती, इथल्याच चुनखडीच्या दगडात बांधलेली. या भागातल्या खाणींचा दगड एम्पायर स्टेट बिल्डिंगला लागलाय, हे तुम्हाला ब्लूमिंग्टनमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ऐकवतंच.

सुरुवात होते रशपासून. रश म्हणजे बघण्याचा कार्यक्रमच, फक्त मुलगे मुलग्यांना बघतात. छातीवर नावाची चिठ्ठी लावून एका घरातून दुसऱ्या घरात फिरायचं, दारात उभ्या असलेल्या मुलांशी हात मिळवायचा आणि त्याच तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची: कुठला, मेजर (म्हणजे मुख्य विषय) काय, कुठल्या डॉर्मला. 'पुणे' म्हटल्यावर संवाद अडायचा, मग मीच 'मुंबईजवळ' म्हणून सोडवून घ्यायचो. पुणेकराच्या जिवाला हे किती लागतं ते पुणेकरच जाणे. बर्गर खात, बास्केटबॉलवर मान डोलवत दोन-चार संध्याकाळी गेल्या, आणि मग जिथून पुन्हा बोलावणं आलं तेवढीच घरं उरली. शेवटी 'बिड' मिळते, म्हणजे सदस्य होण्याचं आमंत्रण. मला दोन आल्या. एका घरात आम्हाला जिना उतरायच्या आधी फोन एका टोपलीत ठेवायला सांगितले आणि का, ते कोणी सांगेना. मी फोन ठेवला नाही आणि ती बिडही घेतली नाही.

साउथ एशियन मुलांच्या वेगळ्या फ्रॅटर्निटीही आहेत, १९९० नंतर निघालेल्या. डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला सुरू झाली, तिचं नाव बऱ्याच देशी मुलांना माहीत असतं. त्यांचा उगम समजून घ्यायचा तर मागे जावं लागतं. जुन्या फ्रॅटर्निट्यांपैकी कितींच्या तरी घटनेतच, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, फक्त गोऱ्या ख्रिश्चनांना प्रवेश असं कलम होतं. म्हणून तर कॉर्नेलमध्ये १९०६ साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली. आमच्या घरात भिंतीवर दर वर्षीचा कॉम्पोझिट लावलेला असतो, म्हणजे सगळ्यांचे सूट घातलेले छोटे फोटो एका मोठ्या फ्रेममध्ये. जिन्यावरून वर जाताना एकेक वर्ष मागे जातं आणि पहिल्या वळणानंतर माझ्या रंगाचा माणूस दिसत नाही. हे कोणी लपवत नाही, पण आपणहून त्यावर बोलतही नाही.

बिड घेतल्याचं घरी कळवलं तेव्हा बाबांना वाटलं मी हॉस्टेल बदलतोय. आईने थेट विचारलं, "रॅगिंग-बिगिंग नाही ना रे?" महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, त्यामुळे तो शब्द आपल्याकडे पालकांना नीट माहीत असतो. इकडे त्याला हेझिंग म्हणतात आणि त्यात मुलं मेली आहेत. २०१७ मध्ये पेन स्टेट युनिव्हर्सिटीत टिमोथी पियाझा नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. त्याला थोड्या वेळात भरमसाठ दारू पाजली होती, तो जिन्यावरून पडला आणि कितीतरी तास कोणी मदतीला फोन केला नाही. त्यानंतर पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. आणि मी तिथे असतानाच, डिसेंबर २०२४ मध्ये, केंद्राचाही कायदा आला: कॉलेजांनी हेझिंगच्या घटनांची माहिती जाहीर करायची. काही संघटनांनी तर उमेदवारीचा काळ, ज्याला प्लेजिंग म्हणतात, तोच काढून टाकला. झीटा बीटा टाऊने १९८९ मध्ये, सिग्मा अल्फा एप्सिलॉनने २०१४ मध्ये.

आमच्याकडे प्लेजिंग होतं, पण नॅशनलने कापून काही आठवड्यांवर आणलेलं. प्लेजऐवजी 'न्यू मेंबर' म्हणायचं असा नियम, आणि पाठ फिरली की सगळे प्लेजच म्हणायचे. करावं लागलं ते असं: घरातल्या प्रत्येकाला गाठून गप्पा मारायच्या आणि वहीत त्याची सही घ्यायची, संस्थापकांची नावं पाठ करायची, शनिवारी सकाळी साफसफाई. शिवाय ग्रीक मुळाक्षरं, तीही पेटती काडी बोटाशी येण्याआधी म्हणून दाखवायची. बारावीच्या फिजिक्सने निम्मी अक्षरं आधीच दिली होती, पण क्रमाने कधी म्हटली होती? झीटा, एटा, थीटा इथे प्रत्येकाची गाडी अडायची. आईला मी हे सगळं सांगितलं. काडीचं सोडून.

एक 'बिग' मिळतो, म्हणजे तुमच्यासाठी जबाबदार धरलेला वरच्या वर्षाचा मुलगा. माझा बिग दक्षिण इंडियानातल्या शेतकऱ्याच्या घरचा, मका आणि सोयाबीनवाला. त्याने मला पावसाबद्दल विचारलं आणि आमची जमली. मग इनिशिएशन झालं, म्हणजे पक्का सदस्य करून घेण्याचा विधी. आत काय झालं ते सांगणार नाही, तसा शब्द दिलाय.

राहायला गेल्यावर खरी ओळख झाली ती कोल्ड डॉर्मशी. मिडवेस्टमधल्या जुन्या घरांत ही पद्धत अजून टिकून आहे. तुमची खोली असते ती अभ्यासाला, कपड्यांना, गप्पांना. झोपायचं मात्र सगळ्यांनी वरच्या मजल्यावरच्या एका लांबलचक अंधाऱ्या दालनात, ओळीने लावलेल्या दुमजली पलंगांवर. खिडक्या उघड्या. जानेवारीतसुद्धा. इतकी मुलं एकत्र झोपतात तर हवा खेळती हवी, हे त्यामागचं जुनं कारण. नियम तीनच: दिवा नाही, बोलणं नाही, आवाजाचा गजर नाही. फोन व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली सारायचा. बाहेर शून्याखाली गेलेलं असायचं आणि खिडकीच्या कडेवरचा बर्फाचा भुगा वाऱ्याने माझ्या पायाशी यायचा. बाकीच्यांकडे इलेक्ट्रिक ब्लँकेट, माझ्याकडे आजीने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी, त्यावर डॉर्ममधलं जाड पांघरूण. पहिल्या आठवड्यात कानटोपी घालून झोपलो. आणि सांगू का, इतकी गाढ झोप मला त्याआधी कधी लागली नव्हती.

जेवण सोमवार ते शुक्रवार. स्वयंपाक करायला एक मावशी यायच्या, सगळे त्यांना मिस म्हणून नावाने हाक मारत. माझं तोंड त्यांना एकेरी हाक मारायला धजायचं नाही, त्यामुळे मी शेवटपर्यंत 'मॅम' म्हणत राहिलो आणि त्या शेवटपर्यंत हसत राहिल्या. संध्याकाळी लॅब किंवा क्लास असला तर दुपारीच फ्रीजवरच्या कागदावर नाव लिहायचं, मग तुमचं ताट झाकून ठेवतात. हीच लेट प्लेट. नाव नसताना दुसऱ्याची लेट प्लेट खाणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा गुन्हा. त्यावर दंड होता, आणि तो कोणी रडून माफ करून घेतल्याचं मला आठवत नाही. रविवारी स्वयंपाकघर आपलंच. मी पोहे करायचो. इंडियन स्टोअरमधून जाड पोहे आणून, शेंगदाणे सढळ हाताने. माझा बिग त्यावर केचप घालायचा. मी बघायचो नाही.

दंडाचा विषय निघालाय तर चॅप्टर मीटिंगबद्दल. आठवड्यातून एकदा, कॉलर असलेला शर्ट घालून. अध्यक्षाकडे लाकडी हातोडा. सभा चालते ती रॉबर्ट्स रूल्सने, अमेरिकन लष्करातल्या एका इंजिनिअर अधिकाऱ्याने १८७६ साली छापलेल्या सभाशास्त्रावर. ठराव मांडणार कोण, अनुमोदन कोणाचं, दुरुस्ती आधी मताला टाकायची की मूळ ठराव. वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीवर एकदा आमच्या सभेत इतका काथ्याकूट झाला की शेवटी तो विषय समितीकडे गेला, आणि समितीने मशीन दुरुस्त न करता अहवाल दिला. ज्याने सोसायटीची सर्वसाधारण सभा बघितली आहे त्याला इथे काहीच नवीन वाटणार नाही. खजिनदार ड्यूजची, म्हणजे वर्गणीची, थकबाकी नावानिशी वाचून दाखवायचा. दर सेमिस्टरला ड्यूज, त्यात नॅशनलचा हप्ता, विमा, पार्ट्यांचा वाटा. विमा हा त्यातला चांगलाच जड भाग, आणि तो का जड आहे ते वर पियाझाच्या गोष्टीत आलंच.

पार्ट्या होत्याच. कायद्याने दारूचं वय २१, घरातली निम्म्याहून जास्त मुलं त्याखाली, तेव्हा सगळा मामला हातचलाखीचा. फ्रॅटर्निट्यांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१८ मध्ये ठरवून टाकलं की १५ टक्क्यांहून कडक दारू घरात नको, परवानाधारक विक्रेता बाहेरून आणला तर गोष्ट वेगळी. त्या नियमामुळे बिअरचे डबे वाढले एवढा बदल डोळ्यांना दिसायचा. प्रत्येक पार्टीला काही जण 'सोबर', म्हणजे न पिणारे, नेमलेले असतात: दारात उभं राहायचं, जिन्यावर नजर ठेवायची, कोणी आडवं झालं तर कुशीवर वळवायचं आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायचा. ही ड्यूटी मी मागून घ्यायचो. यात थोरपणा काही नव्हता. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असताना पोलिसांत एक नोंद झाली की पुढे व्हिसाच्या फॉर्ममध्ये तिचं उत्तर द्यावं लागतं, आणि ते माझ्या गोऱ्या मित्रांना द्यावं लागत नाही.

एप्रिलमध्ये मात्र सगळं घर सायकलीवर येतं. लिटल ५०० ही शर्यत इथे १९५१ पासून होते, इंडियानापोलिसच्या मोटार शर्यतीच्या धर्तीवर. ३३ संघ, प्रत्येकात चार सायकलस्वार, आणि संघाची सायकल चालत्या शर्यतीत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मुलांच्या शर्यतीत २०० फेऱ्या, ५० मैल. मुलींची १९८८ पासून, १०० फेऱ्या. ट्रॅकवर कोळशाच्या राखेसारखी बारीक काळी खडी, सायकलला गिअर नाहीत आणि ब्रेक पेडल उलटं फिरवून लागतो. मी पकडणाऱ्यांत होतो. आमचा गडी वेगात आत येतो, सॅडलवरून एका बाजूला उडी टाकतो, त्याच क्षणी दुसरा पळत पळत हँडल धरून चढतो, आणि उतरलेला भिडू तोंडावर आपटू नये म्हणून त्याला छातीवर झेलायचं. पहिल्या सरावात माझा चष्मा गेला. शर्यतीत आम्ही मधेच कुठेतरी आलो, घर मात्र जिंकल्यासारखं ओरडत होतं.

पुढच्या वर्षी मी टेबलाच्या पलीकडे बसलो. रशनंतर मतदान असतं. भिंतीवर मुलाचा फोटो येतो आणि ज्याला जे वाटलं ते तो बोलतो. 'हाताची पकड ढिली.' 'फक्त स्वतःबद्दल बोलला.' 'ह्याचा भाऊ आपल्यातलाच होता', आणि असं म्हटलं की अर्धं काम झालेलं. तीन मिनिटांच्या गप्पांवर माणूस आत किंवा बाहेर. एका बंगळुरूच्या मुलाबद्दल कोणीतरी 'शांत आहे' म्हणालं, त्यावर मी उठून बराच वेळ बोललो. तो आत आला. माझ्या वेळी काय बोलले होते, ते मी बिगला विचारलं. म्हणाला, "तू शूज दाराबाहेर काढलेस, ते हाऊस मॅनेजरला आवडलं."

आता जे विचारतात त्यांना मी इतकंच सांगतो: ड्यूजचा आकडा लेखी मागा, दंड किती आणि कशाकशावर तेही विचारा. प्लेजिंगमध्ये रात्री काय काय असतं ते मागच्याच वर्षी आत गेलेल्या मुलाला एकट्याला गाठून विचारा. आणि घर बघायला रशच्या संध्याकाळी जाऊ नका, रविवारी सकाळी जा, आणि बाथरूम बघून या.