भुयारी रेल्वेचे नकाशे बघताना

आजचा अख्खा दिवस भुयारी रेल्वेच्या आखणीचे नकाशे बघण्यात गेला. सगळ्यात जास्त रेंगाळले ते बोअरच्या, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या नमुन्यांपाशी. लांबट पेटीत मातीचे-खडकाचे गोल तुकडे ओळीने मांडलेले, शेजारी खोली लिहिलेली. वर भराव, मग चिकणमाती, मग झिजलेला खडक, तळाशी अखंड पाषाण. बोगदा खोदायला मशीन कोणतं आणि स्थानक किती खोल, हे बरंचसं या पेट्याच ठरवतात.

१८६३ साली लंडनला पहिली भुयारी गाडी धावली ती रस्ता उघडा खोदून, वरून झाकून केलेल्या मार्गावर. १९८४ ला सुरू झालेली कोलकात्याची मेट्रोही बरीचशी तशीच बांधली. आता बोगदा मशीन खोदतं, वरची घरं जागच्या जागी राहतात. स्थानकासाठी मात्र बहुतेक ठिकाणी वरूनच खड्डा घ्यावा लागतो, आणि त्याआधी पाण्याच्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, केबल्स हलवायच्या. लोकांचे हाल होतात ते तिथे.

मला विचाराल तर खर्च वाचवायला फलाटाची लांबी कधीच कमी करू नये. डबे नंतर वाढवता येतात, सिग्नल सुधारून दोन गाड्यांमधलं अंतरही घटवता येतं. पण जमिनीखालचा फलाट लांबवणं महाकर्मकठीण. वाढत्या शहरात आजची गर्दी मोजून कसं भागेल?

आणि बाहेर पडायचे जिने! एका स्थानकाचा जिना बसथांब्याच्या पलीकडच्या बाजूला उतरत होता. वयस्कर माणसांनी एवढा रस्ता का ओलांडायचा? तसं मी लेखी कळवलंय.